अडतिसावा वाटा

वाळूवर अडतीस वाटे होते. सिस्टर लिंडाने ते दोनदा मोजले, एकदा उत्तरेकडून आणि एकदा दक्षिणेकडून, आणि दोन्ही वेळा अडतीसच आले. प्रत्येक वाट्यात सात बांगडे आणि ओंजळभर पेडवे. विकायची मासळी टोपल्यांतून आधीच टेम्पोत चढली होती. हे वाटे ज्याने त्याने घरी न्यायचे होते. माणसं मात्र सदतीस होती. उत्तरेच्या दोरावर अठरा, दक्षिणेच्या दोरावर अठरा, आणि मागे वाळूत मांडी घालून, ओढून आलेल्या दोराचं वेटोळं करत बसलेले दत्ताराम काका, एक.

म्हणजे एक वाटा जास्त होता. देवळाचा असेल, असं तिला वाटलं.

स्वतःला तिने मोजलं नव्हतं. शेवटची पंधराएक मिनिटं तीही उत्तरेच्या दोराला हात लावून उभी होती, पण ती मदत होती. जाळ्याची पिशवी किनाऱ्याला लागत आली की सगळी वाडी जोर करते, आणि नुसतं बघत उभं राहणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मंगेश कांदळवाडीच्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोन दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, म्होरक्या. त्याने त्या शेवटच्या वाट्याकडे बोट दाखवलं.

"सिस्टर, ह्यो तुमचो. उचला."

लिंडा मागे सरकली. पुण्यात नऊ महिने बसून शिकलेलं मराठी तिने मनात नीट जुळवलं आणि मग सर्वांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "नको, मंगेशदादा. मी फक्त दोराला हात लावला. मी खरं काम केलं नाही. नुसता हात लावून मी वाटा कसा घेऊ? ज्यांनी कष्ट केले त्यांना द्या."

मंगेशने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या पाठीमागे पाहिलं. मग वाकून त्याने तो वाटा टोपलीत भरला, गुडघाभर पाण्यात गेला आणि टोपली समुद्रात उपडी केली. वरून दोन घारी उतरल्या.

लिंडाला वाटलं, आपण बरोबर वागलो. टोपली उपडी करणं मात्र तिला कळलं नाही.

ती फ्लोरेस बेटावरची होती, इंडोनेशियातली. पूर्ण नाव मारिया एर्मेलिंडा, वय सत्तावीस, आणि धर्मभगिनी म्हणून देशाबाहेरची ही पहिलीच नेमणूक. सिंधुदुर्गात येऊन तिला त्र्याऐंशी दिवस झाले होते. या दिवसांत तिने बऱ्याच गोष्टी मोजल्या होत्या: मठापासून समुद्रापर्यंतची पावलं (चारशे बारा), वाटेतले माड (एकोणसाठ), ओरोसच्या पोलीस कार्यालयात परदेशी म्हणून नोंद करायला लागलेल्या फेऱ्या (तीन). अनोळखी जागेत मोजायला घेतलं की जागा थोडी आपली वाटते, असा तिचा अनुभव होता. माणसांचं तसं होत नव्हतं. बाजारात लोक तिला नेपाळी समजत. एकाने मणिपूरचं हवामान विचारलं. आणि पुण्यात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेलं तिचं मराठी इथे तिचं तिलाच कळे. समोरून जे येई ते भलतंच असे.

मठात तिघी होत्या. वडीलधाऱ्या सिस्टर सेलेस्तिना, मूळच्या सावंतवाडीच्या, एक आजारी, अंथरुणाला खिळलेली सिस्टर, आणि लिंडा. मठाच्या मागच्या खोलीत व्यायामकेंद्र होतं. कणकवलीहून डॉक्टर दिव्या दर मंगळवारी येत, हाडं जुळलेल्या पण सांधे धरलेल्या लोकांना व्यायाम ठरवून देत. ते रोज करून घेणं आणि सांधा किती अंश हलतो ते कोनमापकाने मोजून वहीत लिहिणं हे लिंडाचं काम. ती आली तेव्हा वाडीतल्या एक-दोघांनी सिस्टर सेलेस्तिनांना आडून विचारून घेतलं होतं, "ही धर्माच्या कामाक इली काय?" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "नाय रे बाबा, खांद्याच्या कामाक इली."

खरं तर एकाच खांद्याच्या. केंद्रात नेमाने येणारा रुग्ण एकच होता.

दत्ताराम काका, वय त्रेसष्ट. नोव्हेंबरात होडीतून उतरताना पडले आणि उजव्या दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं. हाड जुळलं, खांदा धरला. आठ जानेवारीला पहिल्यांदा मोजलं तेव्हा हात पुढून चोपन्न अंश वर जात होता. दोन फेब्रुवारीला एकाहत्तर. समोरचा दोर धरून ओढायचा तर निदान नव्वद लागतात. डॉक्टर दिव्यांनी दोघांना बसवून सांगितलं होतं, "एप्रिल संपायच्या आत नव्वद झाले पाहिजेत. त्यानंतर जो राहील तो जन्माचा. मध्ये खंड पडला तर मागे येईल." काका रोज नऊ वाजता येत, दात आवळून व्यायाम करत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत: "किती?"

तीन फेब्रुवारीला त्या वाट्याची गोष्ट घडली. त्या दिवशी नऊ वाजता काका आले नाहीत, चार तारखेलाही नाहीत. पाच तारखेलाही नाहीत. सहा तारखेला लिंडा कोनमापक पिशवीत घालून त्यांच्या घरी गेली.

त्यांची बायको रुक्मिणी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सुकी मासळी उलटत होती. लिंडाला बघून तिने हात झटकले.

"इली गो इली, मोजणारी इली! हात मोजलंस, आता आमची इज्जत पण मोज. पट्टी आणलंस काय?"

लिंडाला त्यातलं 'मोज' आणि 'पट्टी' एवढंच कळलं. तिने पिशवीतून कोनमापक काढून दाखवलं. "हो, काकू. आणली आहे."

रुक्मिणीने कपाळाला हात लावला. पडवीतून काकांचा आवाज आला, "सोड तिका. तिची काय चूक नाय." पण ते बाहेर आले नाहीत.

झालं काय ते तिला सिस्टर सेलेस्तिनांनी सांगितलं. त्या स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होत्या.

"तू वाटा घेतला नाहीस?"

"नाही. मी काम केलं नव्हतं."

"हात लावला होतास ना दोराला?"

"हो, पण नुसता हात."

"मग झालं." सिस्टरनी खवणं थांबवलं. "ऐक. पिशवी वाळूला लागायच्या आत ज्याचा हात दोराला लागला, त्याचा वाटा. पाहुणा असो, विधवा असो, चार वर्षांचं पोर असो. कोणी जोर मोजत नाही. मजुरी वेगळी, वाटा वेगळा. त्या दिवशी तू तिथे होतीस, एवढ्याचा तो वाटा."

"मग त्यांनी तो समुद्रात का टाकला?"

"तुझा होता तो. तुझा वाटा दुसरा कोण खाईल?" सिस्टरनी पुन्हा खवायला घेतलं. "आम्ही मात्र त्या दिवशी डाळ खाल्ली, ते जाऊ दे. पण तू म्हणालीस काय? नुसता हात लावून वाटा कसा घेऊ. सगळ्या वाडीदेखत. आणि तुझ्या पाठीमागे कोण बसला होता?"

लिंडाच्या डोळ्यांपुढे ती वाळू आली. उत्तरेला अठरा, दक्षिणेला अठरा, आणि एक. एका हाताने दोराचं वेटोळं करणारे दत्ताराम काका. हात मोडल्यापासून ते दोर ओढत नव्हते. मागे बसून नुसता हात लावत होते आणि रोज पुरा वाटा नेत होते.

ती तिथेच खुर्चीत बसली.

तिच्या गावी, फ्लोरेसच्या किनाऱ्यावर, असं नव्हतं. तिथे होडीत बसेल त्याचीच मासळी. बाकीचे टोपली घेऊन होडीभोवती उभे राहत आणि मालकाच्या मनात आलं तर चार मासे त्यांच्याकडे फेकले जात. तिचे वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. तिची आई कधी तशी उभी राहिली नाही आणि मुलींनाही तिने उभं राहू दिलं नाही. न कमावलेल्या माशाला हात लावायचा नाही, हे लिंडा प्रार्थना शिकायच्या आधी शिकली होती. पुढे मठात द्यायला शिकवलं, पाय धुवायला शिकवलं, उपाशी राहायलाही शिकवलं. पण कोणी काही पुढे केलं तर ते कसं घ्यायचं, याचा पाठ कुठल्याच वर्षी नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने माफी लिहून काढली, सिस्टरांकडून तपासून घेतली आणि काकांच्या पडवीत उभी राहून वाचली. "मी तुमच्याबद्दल बोलले नव्हते. मी माझ्याबद्दल बोलले. मला तुमची पद्धत माहीत नव्हती. मला क्षमा करा."

काका डाव्या हाताने कोंबड्यांना दाणे टाकत होते. ते रागावलेले असते तर बरं झालं असतं. ते रागावलेले नव्हतेच.

"माका म्हायत आसा गो बाय," ते म्हणाले. "तू आमच्यार बोलूक नाय. पण तू बोललंस ता खरा. मियां दोन म्हयने नुसतो हातच लावतंय. कोण बोलत नाय, तू बोललंस. आता माका तो वाटो गिळाक होवचो नाय."

"पण व्यायाम? खांदा?"

"खांदो कित्याक? बसान खावक एक हात पुरे."

रापणीवर ते जात नव्हतेच. मंगेश त्यांचा सख्खा पुतण्या. पहिले तीन दिवस त्याने वाटा घरी पोचवला. तिन्ही दिवस तो तसाच परत आला आणि समुद्रात गेला. चौथ्या दिवसापासून मंगेशने पाठवणं बंद केलं.

लिंडा त्या आठवड्यात नीट झोपली नाही. दोन फेब्रुवारीचे एकाहत्तर अंश वहीत शेवटचे होते आणि खाली रिकाम्या ओळी वाढत होत्या. खंड पडला तर मागे येतो. किती येतो ते तिला ठाऊक नव्हतं. मोजायला हातच मिळत नव्हता.

मग तिला वाटलं, काकांचं काम हे नुसता हात लावणं नाही, असं दाखवता आलं तर? बारा फेब्रुवारीपासून ती घड्याळ आणि वही घेऊन सकाळी किनाऱ्यावर बसायला लागली. काकांच्या जागी आता प्रीतम नावाचा तरुण दोर वळत होता, एक डोळा मोबाईलवर ठेवून. होडी जाळं घेऊन निघाली की हेच वेटोळं सरसर सुटत जायला हवं. ते सुटत नव्हतं. लिंडाने लिहिलं: बारा तारखेला दोन गाठी, सात मिनिटं वाया. तेरा तारखेला एक गाठ, चार मिनिटं. चौदा तारखेला तीन गाठी, अकरा मिनिटं. असे सात दिवस. एकूण पंधरा गाठी आणि एक्कावन्न मिनिटं.

ही वही घेऊन ती पडवीत गेली. काकांनी आकडे शांतपणे ऐकले.

"आणि मियां होतंय तेव्हा किती गाठी पडत?"

लिंडाने वहीची मागची पानं उलटली. तेव्हा तिने मोजल्या नव्हत्या. "मंगेशदादा म्हणतात, पडतच नसत."

"तो म्हणतलोच, पुतण्यो माझो. तू मोजलंस काय?"

"नाही."

"मगे? दोर जुनो झालो आसतलो. नायतर पाण्याक ओढ आसतली." ते हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले, पण ते तिच्या बाजूने नव्हतं. "शिकलेला चेडू तू. असा कसा केलंस?"

त्यांचं बरोबर होतं. तुलनेला काही नसताना काढलेला निष्कर्ष तिच्या शिक्षकांनीही असाच परत केला असता.

बावीस तारखेला प्रीतम दोडामार्गाला नात्यातल्या लग्नाला गेला. सकाळी दोरामागची जागा रिकामी होती. मंगेश इकडेतिकडे बघत होता. लिंडाने चपला काढल्या.

"मी करू?"

"येता तुका?"

"मी दहा दिवस बघत आहे."

दोरावरची माणसं हसली. रुक्मिणी उत्तरेच्या दोरावर दुसरी होती, ती मागे न बघताच म्हणाली, "करूंदे तिका. उद्या मोजून सांगतली, किती वेटे घातले."

लिंडा वाळूत मांडी घालून बसली आणि ओला दोर आला तसा वळत गेली. तिने खरंच नीट बघून ठेवलं होतं. वेढा केवढा, हात कुठे सैल सोडायचा, दोर कुठे दाबायचा. ओढ संपली तेव्हा तिच्या बाजूला सुबक, गोल, कमरेएवढं वेटोळं उभं होतं. पहिल्या खेपेला मासळी बेताचीच आली होती, पण बाहेर पाणी काळवंडलेलं दिसत होतं. माशांचा थवा मोठा होता. मंगेशने लगेच दुसरी खेप टाकायची ठरवलं. वेटोळं होडीत गेलं, होडी निघाली.

पन्नास हात गेली असेल. दोर सुटायचा थांबला आणि उसळून वर आला. वेढ्यात वेढा अडकला, पिळावर पीळ बसला, एक फास वल्ह्यात गेला. होडी जागच्या जागी गिरकी घेऊन आडवी झाली. मंगेशने होडीतून जे काय ओरडून सांगितलं ते लिंडाला कळलं नाही आणि कोणी तिला नंतरही समजावून सांगितलं नाही.

होडी परत आली. सगळ्यांनी दोर बाहेर काढला. वाळूवर त्याचा जो गोळा पडला त्याकडे कोणाला नीट बघवेना.

"अगो, उलटो!"

आवाज माडांखालून आला. दत्ताराम काका तिथे कधी येऊन उभे राहिले होते कोणास ठाऊक. उजवा हात पोटाशी धरून ते वाळू तुडवत खाली आले. "उलटो वळलंस! सगळो उलटो! खंयसून बघी होतंस तू?"

"समोरून," लिंडा म्हणाली.

आणि म्हणतानाच तिला कळलं. ती दहा दिवस प्रीतमच्या समोर बसली होती. समोरून दिसलं तसंच तिने केलं. आरशात दिसतं तसं. दोराला त्याचा स्वतःचा पीळ असतो. त्या अंगाने वळला तर तो बसतो, उलट वळला तर प्रत्येक वेढा पीळ साठवत जातो आणि सुटताना सगळा एकदम परत करतो. तिने एक-दोन नाही, दीडशे वेढे उलटे घातले होते.

"प्रीतम मेलो निदान सुलटो वळी," काका म्हणाले आणि गोळ्यापाशी गुडघ्यावर बसले. डाव्या हाताने त्यांनी दोराचं टोक शोधलं, एक वेढा उचलला आणि थांबले. दुसरा वेढा दाबून धरायला हात नव्हता.

लिंडा त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसली. समोर नाही.

"ह्यो धर," काका म्हणाले. "दाब. आता सोड. सोड म्हटल्यार सोड गो! हां. आता ह्यो."

बाकीचे भोवती उभे होते. कोणी मध्ये पडलं नाही. गोळा सुटायला सव्वीस मिनिटं लागली. तोपर्यंत बाहेरचं काळं पाणी निवळलं होतं. दुसरी खेप टाकली, ओढली, पण थवा निघून गेला होता. जाळ्यात जेलीफिश, थोडे पेडवे आणि मोजके बांगडे.

मंगेश वाटे घालू लागला. आज वाट्याला तीन बांगडे आले. लिंडा टोकाला उभी होती, पाय वाळूत रुतवून. मंगेश तिच्यापर्यंत आला आणि घुटमळला. गेल्या वेळचं तोही विसरला नव्हता. शेवटी त्याने तीन बांगडे तिच्यापुढे ठेवले आणि दुसरीकडे बघितलं.

"बिघडवल्याचो वाटो!" दक्षिणेच्या दोरावरून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. अगदी वाईट हसणं नव्हतं ते, पण सगळे हसत होते.

लिंडाचे कान तापले. तिच्यामुळे आख्खी खेप गेली होती. सात बांगड्यांचे तीन तिने केले होते, प्रत्येकाच्या घरी. या तीन बांगड्यांवर तिचा जेवढा हक्क नव्हता तेवढा जगात दुसऱ्या कशावरही नसेल. तिला आई दिसली, होड्यांकडे पाठ करून, तिचा हात घट्ट धरून घराकडे चाललेली. क्षणभर तिला वाटलं, आपणही तशीच पाठ करावी.

ती खाली वाकली. एक, दोन, तीन. बांगडे तिने झग्याच्या ओच्यात घेतले. पांढरट कापडावर ओल पसरली.

दत्ताराम काका तिच्याकडे टक लावून बघत होते.

"कित्याक घेतलंस?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरोखर कळून घ्यायचं म्हणून. "काम तर बिघडवलंस."

"बिघडवलं," लिंडा म्हणाली. "पण दोराला हात लागला."

मंगेशने हीच वेळ धरली. तो पुढे आला आणि तीन बांगडे काकांच्या पायाशी ठेवले. दोन्ही दोरांवरची माणसं आपापले वाटे हातात घेऊन उभी राहिली; घरी जायला कोणी निघेना. काकांनी वाळूकडे बघितलं, मग सुटून सुलटं झालेल्या दोराकडे, मग लिंडाच्या भिजलेल्या ओच्याकडे.

रुक्मिणी रांगेतून बाहेर आली. "उचल आता," ती नवऱ्याला म्हणाली. "नायतर ही हयच वही उघडून मोजूक बसतली, किती येळ उचलूक नाय ता."

काका वाकले. डाव्या हाताने एकेक करून तिन्ही उचलले.

वाटेने परतताना रुक्मिणी लिंडाच्या शेजारून चालत होती. मग तिने लिंडाच्या ओच्यात वाकून बघितलं. "बांगडो चिरूक येता तुका?"

"येतो. आमच्याकडे हळद आणि लिंबू लावतात."

"लिंबू?" रुक्मिणीने तोंड वाकडं केलं. "शिरा पडो तुमच्या लिंबार. तिरफळां घाल. थांब, मियां देतंय."

तेवीस तारखेला नऊ वाजता केंद्राचं दार ढकलून दत्ताराम काका आत आले आणि काही न बोलता आपल्या जागी बसले. लिंडाने कोनमापक लावला. हात हळूहळू वर गेला आणि थांबला.

"किती?"

"साठ."

"आदी किती होते?"

"एकाहत्तर."

"मगे अकरा गेले खंय?"

लिंडाने मनात वाक्य जुळवलं. पुण्याचं नाही, इथलं. "तुमच्या खळ्यात रवले," ती म्हणाली.

काका इतके हसले की खांदा दुखला आणि व्यायाम पाच मिनिटं उशिरा सुरू झाला.

मार्चमध्ये त्यांनी केंद्रातल्या भिंतीवरचं व्यायामाचं चाक फिरवायचं नाकारलं. हे पोरखेळ आहेत, म्हणाले. डॉक्टर दिव्यांनी मंगळवारी विचार केला आणि व्यायाम बदलून दिला: छताच्या वाशावरून दोर टाकायचा, डाव्या हाताने एक टोक ओढायचं, म्हणजे दुसऱ्या टोकाला धरलेला उजवा हात वर जातो. दोर रापणीतलाच आणला. तो काकांनी स्वतः निवडला, स्वतः टांगला, आणि लिंडाने टांगलेली गाठ सोडून आपली घातली. सकाळी ते किनाऱ्यावर दोर वळत आणि वाटा नेत. लिंडा आठवड्यातून दोनदा त्यांच्या उजव्या अंगाला बसे आणि सुलटं वळायला शिके. ती आली की मंगेश एक वाटा वाढवी. ती तो उचले. मठात डाळ कमी झाली. सिस्टर सेलेस्तिना तिरफळांच्या वासाने शिंकत आणि जेवत.

सगळं सरळ रेषेत गेलं नाही. अठ्ठावीस मार्चला ऐंशी झाले होते आणि नंतर अकरा दिवस ऐंशीच राहिले. त्या अकरा दिवसांत काका दोनदा म्हणाले की आता पुरे. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नऊला आले. एप्रिलच्या मध्यावर पंच्याऐंशी. मग सत्त्याऐंशी. मग दुखणं वाढलं, डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती दिली, आणि लिंडाने ते तीन दिवस प्रार्थनेच्या वेळी कशाची प्रार्थना केली हे तिने कोणाला सांगितलं नाही.

एकोणतीस एप्रिल मंगळवार होता. डॉक्टर दिव्या साडेदहाला आल्या. काकांनी नवा सदरा घातला होता. त्यांच्यासोबत रुक्मिणी होती, मंगेश होता, आणि कामाशिवाय इथे कधी न फिरकलेला प्रीतम दाराच्या चौकटीला टेकून होता. काका खुर्चीत ताठ बसले. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यामागचं हाड दाबून धरलं, म्हणजे पाठ वाकवून हात वर गेल्यासारखा दिसू नये. लिंडाने कोनमापकाचं एक पातं बरगड्यांच्या रेषेत ठेवलं, दुसरं दंडाच्या.

"हळूहळू," डॉक्टर म्हणाल्या. "तीन वेळा घेऊ."

"किती?" काका पहिल्यांदा हात खाली येताच म्हणाले.

"अजून दोनदा, काका."

हात पुन्हा वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. लिंडाने तिन्ही वेळा पात्यावरचा आकडा डोळ्यांसमोर आणून वाचला, वही उघडली आणि लिहिलं.

२९ एप्रिल. उजवा खांदा, पुढून वर, स्वतःच्या जोराने. पहिल्यांदा एकोणनव्वद अंश, दुसऱ्यांदा एक्याण्णव, तिसऱ्यांदा एक्याण्णव. सरासरी नव्वद पूर्णांक तीन दशांश.